घराला पेलेल असे कुत्रे

(हीरक महोत्सवानिमित्त पीण्या, बेंगळुरू येथे झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अशा प्रसंगी मी कुत्र्यांविषयी बोलणार, हे ऐकून संयोजकांना नवल वाटले. परंतु पोटासाठी या औद्योगिक वसाहतीत आलेल्या आपल्यापैकी अनेकांची मुले आज कुत्र्यासाठी हट्ट धरीत आहेत. तो हट्ट पुरवताना माझ्या हातून एक चूक झाली. ती आपणांपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

मुधोळ हे नाव आपणांस परके नाही. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले हे गाव म्हणजे घोरपडे घराण्याचे संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातील शिकारी कुत्र्यांची जात जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहास ती कुत्री भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या जातीवर तिकीटही काढले. हा सारा अभिमान मनात बाळगून मी मुधोळचे पिल्लू घरी आणले. घर दोन खोल्यांचे आणि आम्ही पतिपत्नी दोघेही पाळीवर जाणारे.

वर्षभरात ते सव्वादोन फूट उंच झाले. ही जात नजरेने सावज हेरते आणि वाऱ्यासारखी धावते. मोकळ्या माळासाठी घडलेला तो देह दिवसभर कुलपाआड राहू लागला. त्याने दाराची चौकट कुरतडली, शेजारी कातावले. रात्रपाळीहून परतलेला मी त्याच्यावर हात उगारला, तेव्हा माझी आठ वर्षांची मुलगी मध्ये येऊन म्हणाली, “बाबा, त्याला पळायला जागाच नाही, तर ते काय करील?” अखेर गावी शेतावर राहणाऱ्या मेहुण्यांकडे त्याला पाठवले. तेथे ते सुखात आहे. पण ते गेले त्या रात्री मुलगी जेवली नाही.

दोष कुत्र्याचा नव्हता. मी जातीचा लौकिक पाहिला, स्वतःचे घर पाहिले नाही.

आपले गणिताचे गुरुजी म्हणत, “उत्तराकडे धावू नका, दिले काय आहे, ते आधी लिहा.” कुत्रे निवडतानाही हेच करावे. घर दिवसाचे किती तास रिकामे असते? सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? घरमालकाची संमती आहे काय? घरात तान्हे मूल वा वृद्ध माणूस आहे काय? लसीचा, औषधांचा आणि खाण्याचा खर्च दहा-बारा वर्षे झेपेल काय? तिसरीतल्या मुलीसाठी आणलेले कुत्रे ती पदवीधर होईपर्यंत आपल्या दारी असते.

मग जातींकडे वळावे. लॅब्राडोर प्रेमळ खरा, पण व्यायाम न मिळाल्यास स्थूल होतो. जर्मन शेफर्डला शिकवण आणि काम हवे. पग लहान असला तरी चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्याला धाप लागते. हस्की तर बर्फाळ सैबेरियाचा. त्याच्या दाट केसांना आपला उन्हाळा मानवत नाही. स्पिट्झ लहान जागेत रमतो, मात्र भुंकतो फार. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. ते आईजवळ पाहूनच घ्यावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढेही पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती वेळेवर देत राहावी.

आणि आपल्या गल्लीतील देशी कुत्र्यास विसरू नये. आपली हवा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. वयात आलेले कुत्रे घेतले, तर त्याचा स्वभाव आधीच पारखता येतो. मुधोळ गेल्यानंतर दोन वर्षांनी कारखान्याच्या फाटकाशी वाढलेली एक शांत कुत्री आम्ही घरी आणली. तिला लस टोचली, तिची नसबंदी केली. दुपारभर ती उंबऱ्याशी झोपते आणि माझी पाळी सुटण्याच्या वेळी उठून बसते. तिच्यावर टपाल तिकीट निघणार नाही. पण या वेळी निवड मुलीने केली होती, आणि तिने आधी आमच्या घराचा विचार केला होता.

गुरुजनहो, आपण शिकवलेले गणित मला चाळिशीत समजले. माझ्या मुलीला ते दहाव्या वर्षीच समजले, याचा आनंद मोठा आहे.