नालीच्या आधी कर्दळीचा वाफा
(रेडिओवरील भाषण)

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे निघाली, ती कुर्डुवाडी, बार्शी करत आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी स्थानकावरूनच पुढे गेली. 12 एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचलेल्या त्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आता त्याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडू. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी वापरून बाहेर पडते, असे पाणीपुरवठ्याचे अभियंते धरतात. म्हणजे माणशी 44 लिटर. दहा हजार वस्तीच्या गावात हे रोजचे चार लाख चाळीस हजार लिटर झाले. संडासाचे पाणी त्यातून वजा केले, तरी अंघोळीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे पाणी तीन लाख लिटरांच्या पुढे राहते. दुष्काळात शेकडो किलोमीटरांवरून पाणी आणणारा आपला मुलूख एवढे पाणी दररोज नालीत सोडतो आणि त्यावर डास पोसतो. हे पाणी नालीत जाण्याआधी घराच्या परसातच झाडांच्या आणि खडीच्या मदतीने साफ करून दुसऱ्यांदा वापरता येते, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात याहून स्वस्त पाणी दुसरे मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

कल्पना आपल्याला परकी नाही. न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ लावायची रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. परंतु उघड्या डबक्यात अळू लावणे आणि पाणी गाळणारा वाफा बांधणे यांत मोठा फरक आहे, आणि तो समजून घेतला नाही तर हा उपाय हमखास फसतो. जर्मनीत कॅथे झायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी 1950 नंतरच्या दशकात पाणथळीतल्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर प्रयोग करून दाखवले की त्यांच्या मुळांच्या सहवासात घाण पाणी साफ होते. पुढे जगभर असे वाफे बांधले गेले. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली. या सगळ्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. सफाईचे बरेचसे काम झाड स्वतः करत नाही. खडीच्या प्रत्येक दगडावर सूक्ष्म जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातली सेंद्रिय घाण तो खातो. झाडाची मुळे पोकळ देठांतून थोडा प्राणवायू खाली नेतात, जिवाणूंना बसायला जागा देतात, आणि नत्र व स्फुरद यांचा काही भाग स्वतःच्या वाढीसाठी उचलतात. म्हणूनच वाढलेली कर्दळ वेळोवेळी कापून बाहेर काढावी लागते. ती तिथेच कुजू दिली तर उचललेले सारे परत पाण्यात उतरते.

पाच माणसांच्या घराचे अंघोळीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे पाणी दिवसाला साधारण 160 लिटर धरू. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल खड्डा खणून त्याला सिमेंटचे किंवा जाड प्लॅस्टिकचे अस्तर द्यायचे आणि खडी भरायची. पाणी खडीच्या माथ्यापासून दहा सेंटिमीटर खालीच राहील, अशा उंचीवर बाहेरचा पाइप बसवायचा. पाण्यात बुडालेल्या खडीचे माप दीड घनमीटर होते. खडीत शेकडा चाळीस भाग पोकळी असते, म्हणजे सहाशे लिटर पाणी मावते. एका बाजूने शिरलेले पाणी दुसऱ्या बाजूने निघायला जवळजवळ चार दिवस घेते, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत जिवाणूंना तेवढे पुरेसे होतात. मात्र वाफ्याच्या आधी गाळाची छोटी टाकी हवीच. उष्टे, तेलकट थर आणि भांडी घासायची राख थेट खडीत गेली तर काही महिन्यांत वाफा तुंबतो, आणि मग लोक दोष झाडाला देतात.

डासांची शंका सर्वांत आधी येते. पाणी उघडे नसेल तर डास अंडी घालणार कुठे? माथ्यावरची कोरडी खडी त्यासाठीच आहे, तिच्यावर पाणी दिसू लागले तर वाफा तुंबला असे समजावे. दुसरा आक्षेप शोषखड्ड्याचा, आणि तो वजनदार आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्याच हटवल्या, डास घटवले, आणि त्या कामाला ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून नाव मिळाले. हे काम मोठे आहे, त्याचे मोल कमी करायचे कारण नाही. पण शोषखड्डा जमिनीवर अवलंबून असतो. काळ्या चिकणमातीत पाणी मुरत नाही. फटी पडलेल्या कातळात उलट ते फार झटकन उतरते, आणि शेजारी विहीर किंवा बोअर असेल तर न गाळलेलेच तिथे पोहोचू शकते. शिवाय मुरलेले पाणी आपल्या हाती राहत नाही. जिथे मुरूम चांगला आहे आणि विहीर लांब आहे, तिथे शोषखड्डा जरूर घ्यावा. वाफ्यातून निघालेले जास्तीचे पाणी त्यात सोडता येते.

तिसरा आक्षेप आपल्या भागाचाच आहे: उन्हाळ्यात झाडेच पाणी पिऊन टाकतील, मग उरणार काय? हिशेब करून पाहू. मे महिन्यात वाफेने आणि पानांतून मिळून दिवसाला बारा मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर तीन चौरस मीटर वाफ्यातून छत्तीस लिटर गेले. 160 पैकी सव्वाशेच्या आसपास उरले, आणि एरवी हे सगळे नालीतच गेले असते.

धुण्याच्या पावडरीतले क्षार मात्र हा वाफा काढू शकत नाही. पाण्यात विरघळलेले मीठ ना खडीत अडते, ना कर्दळ ते फारसे उचलते. असे पाणी वर्षानुवर्षे एकाच काळ्या जमिनीत सोडले तर ती चोपण होईल. म्हणून जागा बदलत राहावी, आणि शेवगा, लिंबू, सीताफळ, नारळ अशा झाडांच्या आळ्यात ते द्यावे. कच्च्या खायच्या पालेभाजीवर कधीही नाही. पिण्यासाठी तर हे पाणी नाहीच. पिण्याच्या गढूळ पाण्यासाठी वनस्पतींचा वेगळा उपयोग आहे. शेवग्याच्या बियांची पूड किंवा निवळीचे बी यांनी गाळ खाली बसतो आणि त्याबरोबर पुष्कळसे जंतूही. पण सगळे नाही. त्यानंतरही टीसीएल, मेडिक्लोर यांसारखे क्लोरीनचे औषध किंवा उकळी यांवाचून गत्यंतर नाही. झाडाने गाळलेले म्हणजे शुद्ध, असे सांगत फिरणारे लोक या चांगल्या पद्धतीचे सर्वांत जास्त नुकसान करतात.

झाडांची निवड येडशीत विशेष जपून करायला हवी. गावाला लागून रामलिंग घाटाचे सुमारे 22 चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, ते 1997 मध्ये जाहीर झाले, आणि पावसाळ्यात तिथले ओढे वाहू लागतात. घाण पाण्यात फोफावते म्हणून कोणी जलपर्णी सुचवील, तर तिला गावात पाऊलही ठेवू देऊ नये; उजनीच्या जलाशयात आणि पंचगंगेत तिने काय केले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पाणकणीस सफाईला उत्तम, पण त्याचे कापसासारखे बी वाऱ्यावर उडते आणि ओल दिसेल तिथे रुजते, म्हणून अभयारण्याच्या काठाला ते नको. कर्दळ आणि वाळा ही जोडी आपल्याला पुरेशी आहे. कर्दळीचे कंद शेजाऱ्याकडून फुकट मिळतात. वाळ्याची मुळे खोल जातात आणि तो सहसा इकडेतिकडे पसरत नाही.

ग्रामपंचायतीने आरंभ करायचा तर घरोघरी जाण्याआधी शाळेचे हात धुण्याचे ठिकाण आणि सार्वजनिक नळकोंडाळे ही दोन ठिकाणे घ्यावीत. तिथे पाणी रोज पडते, त्यात तेलकटपणा कमी असतो, आणि येणाजाणाऱ्याला वाफा दिसतो. गाळाची टाकी कोण उपसणार आणि कर्दळ कोण कापणार, हे मात्र खड्डा खणण्याआधी ग्रामसभेत नावानिशी ठरले पाहिजे. खडी, अस्तर आणि पाइप यांचा खर्च एकदाचा आहे. टाकी उपसण्याचे काम दर महिन्याचे आहे. मृगाच्या पावसावर कंद लावले तर दिवाळीपर्यंत वाफा भरतो. त्यामुळे ठराव उन्हाळ्यात व्हावा.