ओसरीवरचें ॲप



मी मॅट्रिक झालेला, पुढें अध्यापनाची पदविका घेऊन जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य. संगणकावर बोलण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु २०२५ च्या दिवाळींत आमच्या चिखलीच्या घरीं, ओसरीवर बसल्या बसल्या, एक ॲप तयार झालेलें मीं पाहिलें आणि तें एका संध्याकाळींत तीनदां चुकलेलेंहि पाहिलें. त्या चुकांविषयीं मात्र मला बोलतां येईल. चुका तपासणें हाच माझा धंदा होता.

कृत्रिम बुद्धिमत्तेचीं हीं साधनें घरोघर ठाऊक झालीं तीं २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी सुरू झाल्यापासून. पत्रें आणि निबंध लिहितां लिहितां तीं प्रोग्रॅमहि लिहूं लागलीं. २०२५ च्या फेब्रुवारींत आंद्रेय कार्पथी या संगणकशास्त्रज्ञानें या रीतीला 'व्हाइब कोडिंग' असें नांव दिलें. प्रोग्रॅमची ओळ न वाचतां आपण साध्या बोलीनें काय हवें तें सांगावें, यंत्रानें करून दाखवावें, न रुचल्यास पुन्हां सांगावें, इतकाच त्याचा अर्थ.

सोयाबीन घरांत येण्याचे ते दिवस. बाजारांत माल घालून आलेले शेजारी हिशेबाची पट्टी घेऊन माझ्याकडे येतात. किती कट्टे, वजन काय, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हें सारें मी पुन्हां मांडून देतों. पुण्यास शिकणारा माझा नातू म्हणाला, "आजोबा, याचें ॲपच करूं या." त्यानें मोबाईलवर मराठींतच चार वाक्यें सांगितलीं, आणि माझा चहा संपण्यापूर्वीं पडद्यावर हिरवी चौकट, तींत रकाने, आणि खालीं 'हिशेब करा' असें बटण! शोभेसाठीं वर चित्र होतें तें गव्हाच्या ओंबीचें. सोयाबीनची शेंग त्या यंत्राच्या पाहण्यांत आली नसावी.

पहिली चूक लागलीच उघड झाली. कट्टा म्हणजे पन्नास किलो असें यंत्रानें परस्पर ठरवून गुणाकार करून टाकला होता. कट्टे का कधीं सारखे भरतात? तें ॲप आम्हीं सोडून दिलें. दुसरें आलें, त्यांत वजनाचा रकाना होता.

त्या रकान्यानें मात्र घोटाळा केला. शेजारच्या एका शेतकऱ्याचा माल १२ क्विंटल ७ किलो भरला होता. त्यानें बाराच्या पुढें टिंब दिलें आणि सात लिहिले. ॲपच्या लेखीं ते झाले १२ क्विंटल ७० किलो! फरक ६३ किलोंचा. त्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. त्या दरानें ही रक्कम ३,३५६ रुपये ६४ पैसे होते. पट्टीवरची रक्कम कमी आणि मोबाईलवरची जास्त पाहून तो उठलाच. "गुरुजी, व्यापाऱ्यानं मले कमी पैसे देल्ले!" मीं त्याला हातीं धरून बसविला. व्यापारी अगदीं बरोबर होता. दशांश-चिन्हापुढील शून्य गाळण्याची ही खोड मीं शेंकडों मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईनें दुरुस्त केली आहे. पण त्या वेळीं मुलाला एक गुण कमी मिळे, येथें दोन माणसांचें वैर झालें असतें. आम्हीं एका रकान्याचे दोन करविले, क्विंटल निराळे आणि किलो निराळे.

तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण ती दिसत नव्हती. रक्कम थोडी कमी येऊं लागली. शोधतां शोधतां आढळलें कीं, १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास यंत्र आपल्या मनानें वजावट करीत आहे. मीं नातवाला विचारलें, "ही वजावट कोणी सांगितली?" कोणीच नाहीं. १२ टक्के हें सरकारी खरेदीचें नेहमींचें माप खरें, पण २०२४ सालीं केंद्र सरकारनें तें त्या हंगामापुरतें १५ पर्यंत सैल केलें होतें. आणि खुल्या बाजारांतील वजावट तर तेथेंच ठरते. वर्गांतला प्रामाणिक मुलगा न येणारी जागा कोरी सोडतो. हें यंत्र ती भरतें, तीहि सुवाच्य अक्षरांत! तो नियम काढून टाकला आणि पट्टीवर लिहिलेली वजावट भरण्यास रिकामा रकाना ठेवला.

इतकें असूनहि मला त्या साधनाचें कौतुक वाटतें, तें फेंकून देण्याच्या सोयीमुळें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी त्याला हात लावीनात. ओतीव नांगरांत फरक करावयाचा म्हणजे नवा साचा आणि नवें ओतकाम. प्रोग्रॅमचेंहि कालपर्यंत तसेंच होतें. महिनाभर खपून केलेली वस्तु चुकीची आहे हें कबूल करवत नसे. आमचे दोन नमुने दिवेलागणीच्या आंत बाद झाले आणि कोणास वाईट वाटलें नाहीं.

नमुना आणि रोजच्या कामाची वस्तु यांत मात्र अंतर आहे. २०२५ च्या जुलैमध्यें रेप्लिट या अमेरिकन साधनानें, बदल करूं नये असें बजावलें असतांहि, एका उद्योजकाची चालू माहिती पुसून टाकली. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. म्हणून आमच्या ॲपांत नांव, बँकेचा खाते-क्रमांक, कांहींच विचारलेलें नाहीं. हिशेब दाखवावा आणि विसरून जावें, एवढेंच त्याचें काम.

दिवाळी आटोपून नातू पुण्यास गेला. शेजारी ॲप वापरतात, आणि नंतर पट्टी घेऊन माझ्याकडेहि येतात. गव्हाची ओंबी अद्याप तशीच आहे.