चौक लिहिणारे हात

केळव्याच्या सुरूच्या बनांत बसून समुद्र पाहणें हा मुंबईकरांचा आवडता विसांवा आहे. तेथेंच किंचित् पाठ फिरवून पूर्वेकडे पाहिलें, तर वाड्यांच्या पलीकडे डोंगरांची निळसर रांग दिसते. त्या डोंगरांच्या पायथ्याशीं भातखाचरें आहेत, आणि खाचरांच्या कडेला वारल्यांचे पाडे. केळवे रोडहून आगगाडीनें पालघर, बोईसर, वाणगांव ओलांडून डहाणूस उतरावें आणि आंत वळावें, म्हणजे गंजाड गांव लागतें. जिव्या सोमा म्हसे हे थोर चित्रकार तेथें राहिले.

कलावंताला प्रेरणा कोठून मिळते, असें विचारलें म्हणजे एकांतांत बसून स्फूर्तीची वाट पाहणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें येतो. वारल्यांच्या घरीं ह्या प्रश्नाचें उत्तर निराळें आहे. तेथें लग्न ठरलें कीं चौक लिहावयाचा. त्याशिवाय लग्न लागत नाहीं. कुडाची भिंत शेणमातीनें सारवून तीवर गेरू द्यावयाचा, तांदळाचें पीठ पाण्यांत कालवावयाचें, आणि बांबूची काडी टोकाशीं चावून तिचा कुंचला करावयाचा. मग सवाशिणी चौक लिहितात. मध्यें पालघट देवी, भोंवतीं झाडें, पांखरें, नाचणारीं माणसें. रंग एकच, आकार तीन, वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले कीं माणूस उभा राहतो. असा टोकावर तोललेला माणूस निश्चल कसा राहील? तो नाचूंच लागतो.

म्हणजे येथें प्रेरणा ही लहर नव्हे. ती जबाबदारी आहे. दोन घरांचें सोयरपण देवीच्या साक्षीनें व्हावें, शेत पिकावें, ह्यासाठीं हात चालतो.

परंतु जेथें लग्न नाहीं आणि भिंतही नाहीं, तेथें ही प्रेरणा टिकेल काय? म्हसे यांचें आयुष्य हेंच ह्या प्रश्नाचें उत्तर. लहानपणीं आई गेली तेव्हां ह्या मुलाची वाचाच बसली, आणि तो मनांतलें धुळींत रेघा ओढून सांगूं लागला, असें सांगतात. तोंवर चौक लिहिणें हें स्त्रियांचें काम होतें. भास्कर कुळकर्णी १९७० नंतर कागद घेऊन पाड्यांवर आले, आणि जिव्यांना आपल्या रेघांसाठीं नवी भूमि मिळाली. त्यांना १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ सालीं त्यांचीं चित्रें पॅरिसच्या प्रदर्शनांत लागलीं, २०११ सालीं ते पद्मश्री झाले. २०१८ सालीं ते निवर्तले.

त्यांनीं कागदावर केवळ चौकाच्या नकला केल्या नाहींत. लावणी, मुंग्यांची रांग, तारप्याभोंवतीं फिरणारा नाच, सारेंच त्यांनीं रेखाटलें. मासे धरण्याचें जाळें हा तर त्यांचा आवडता विषय. बारीक बारीक रेघांचें तें जाळें अवघा कागद व्यापून टाकतें. केळव्याच्या वाळूंत सुकत घातलेलें जाळें आपण नित्य ओलांडून जातों. त्याचा एकेक डोळा एवढ्या निगुतीनें पाहणारा मनुष्य विरळा. भिंत सुटली, तरी पाहण्याची निष्ठा सुटली नव्हती.

आज त्याच आकृती साड्यांवर, पेल्यांवर, शहरांतील भिंतींवर दिसतात. चित्र विकणें ह्यांत गैर कांहीं नाहीं. त्यावर अनेक पाड्यांतील चुली पेटतात, आणि म्हसेही आपलीं चित्रें विकीतच होते. परंतु यंत्रानें छापलेल्या हजारों आकृतींतील झाड कोणींही पाहिलेलें नसतें. तेथें कारागिराची चूल पेटत नाहीं आणि त्याची नजरही वाढत नाहीं.

म्हणून श्रोतेहो, असें चित्र घरीं आणतांना एवढेंच विचारा, हें कोणीं लिहिलें? सांगावयास एखादें नांव असेल, तर त्या घरच्या प्रेरणेला आपलाही थोडा हातभार लागला असें समजा.