आधी रोगाचे नाव, मग औषध

(अमडापूर येथील शेतकरी बैठकीत एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी चामडीचा डॉक्टर. माझ्याकडे महिन्याचे लेकरू येते आणि ऐंशीचे आजोबाही येतात. जिथे कापसाच्या भावाची चर्चा व्हायची, तिथे खाज-खरजेवर काय बोलायचे, असे तुम्हाला वाटेल. पण खरजेचाही हिशोब असतो आणि तो तुमच्याच खिशातून जातो. म्हणून आलो.

गजकर्णाचा माणूस माझ्यासमोर बसला की आधी पिशवीतून रिकाम्या ट्यूबा काढतो. चार, पाच, कधी आठ. कुठून आणल्या? मेडिकलवरून. कोणी सांगितल्या? शेजाऱ्याने. त्यातल्या बहुतेक ट्यूबांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड असे तिन्ही कालवलेले असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश होतो, मलम बंद करतो. बुरशी मात्र मेलेली नसते. स्टेरॉइडने अंगाची लढण्याची ताकद दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. महिन्याभराने रुपयाएवढा चट्टा ताटलीएवढा होतो. लेकरांची कातडी पातळ, त्यांचे नुकसान जास्त. मांडीच्या सांध्यात चामडी फाटल्यासारखे वळ उठतात, ते पुन्हा जात नाहीत.

ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. १९८०च्या दशकात कपाशीवर पायरेथ्रॉइडची फवारणी आली. पहिली काही वर्षे अळी पटापट पडली. मग तीच अळी औषध पचवू लागली. पुढे २०१७ साली बीटीच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली. एकच औषध, अर्धवट मात्रा, अंदाजाने फवारा, म्हणजे अळीला शाळेत घातल्यासारखेच. गजकर्णाच्या बुरशीचेही तेच झाले. औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी जे नाव दिले, त्यात आपल्या देशाचे नाव आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी. सरकारने २०१८ साली स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा कागदावर आहे, ट्यूब मात्र तुमच्या पिशवीत आहे.

आता खरूज. एक माय चार वर्षांचे लेकरू घेऊन आली. बोटांच्या बेचक्यात फोड, रात्रभर खाजवते, झोप नाही. तिसऱ्यांदा औषध लावून झाले होते. मी विचारले, घरात आणखी कोणाला खाजते? म्हणाली, सासूबाईंना थोडे, मोठीला थोडे, पण औषध एकट्या लेकरालाच लावले. इथेच चूक झाली. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगात शिरला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. ज्याला खाजत नाही, त्याच्याही अंगावर तो असू शकतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचे, मानेपासून तळपायापर्यंत, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एकदा. लहान बाळाला काय लावायचे, ते डॉक्टरला विचारूनच. कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुवा, किंवा थैलीत बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवा. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांत मरतो. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज चोपडू नका.

आणि एक कळकळीची गोष्ट. खरजेवरचे परमेथ्रिन हे तुमच्या पायरेथ्रॉइडचेच भावंड. ते ऐकून एका बापाने लेकीच्या उवांवर शेतातल्या बाटलीतले औषध लावले. फवारणीचे औषध माणसासाठी बनवलेले नसते. त्यातले प्रमाण वेगळे, त्यात मिसळलेली द्रावणे वेगळी. डोक्याच्या कातडीतून ते अंगात भिनते. जीव जाऊ शकतो.

लेकराच्या गालावर पांढुरका डाग दिसला की घर घाबरते, विशेषतः मुलीचा असला तर. बहुतेक वेळा ती नुसती कोरडी कातडी असते. पण अंगावरच्या डागाला कापसाची वात लावून पाहा. स्पर्श कळत नसेल तर लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने तो बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लपवला तर हातपाय वाकडे होतात.

शेवटी आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लेकरांचे, बायाबापड्यांचे केस मुठीने गळू लागले. काही दिवसांत टक्कल. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. त्या गावांतल्या लोकांकडे पाहुणे जाईनात. नमुने तपासल्यावर रक्तात सेलेनियम वाढलेले निघाले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. डोक्यावर मलमे चोपडून हे कळले असते का? पोटात गेलेल्या धान्याचा रोग चामडीवर दिसत होता.

म्हणून माझे एवढेच सांगणे. पऱ्हाटीवर काय पडले ते पाहिल्याशिवाय शहाणा शेतकरी पंप उचलत नाही. स्वतःच्या लेकराच्या अंगाला तेवढा तरी मान द्या. आधी रोगाचे नाव, मग औषध. आणि हे नाव सांगणारा माणूस जवळ असावा, यासाठी मागणी करा. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी चामडीचा डॉक्टर बसला पाहिजे. ट्यूबांवर वाया जाणारे पैसे आणि बुडालेली मजुरी एकदा वहीत मांडा. ती वही घेऊन गेलात, तर मागणी कोणाला नाकारता येणार नाही.