पुस्तक कागदाचं की मोबाईलवरचं?



गटाच्या बैठकीत पुस्तकांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आता सगळं मोबाईलवर मिळतं, पुस्तकांवर पैसे कशाला घालवायचे?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

मोबाईलचे उपकार आपण विसरायचे नाहीत. मराठी विश्वकोश त्यावर फुकट वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं उतरवून घेता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं विनामूल्य देतं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर पुस्तकांचं दुकान कुठून येणार? तिथं हा मोठाच आधार. शिवाय अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. चाळिशी लागलेल्या आपल्यासारख्यांना त्याची किंमत कळते.

पण मोबाईल घरात असला, तरी तो आपल्या हातात किती वेळ असतो? एकच चांगला फोन असेल तर दिवसा तो मालकांसोबत शेतात किंवा बाजार समितीत, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला. भांडी आवरून आपल्या वाट्याला येतो तेव्हा चार्जिंग संपत आलेलं. दोन पानं वाचावीत तर कुणाचा फोन येतो, कुणाचा मेसेज. बोट जरा सरकलं की व्हिडिओ सुरू होतो आणि अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. कागदाच्या पुस्तकात मध्येच कुणी डोकावत नाही. दिवसाकाठी आपला म्हणून जो अर्धा तास मिळतो, तो पुस्तक राखून ठेवतं.

आणखी एक. आईच्या हातात मोबाईल असला तर ती वाचतेय की व्हिडिओ बघतेय, हे लेकराला कळत नाही. हातात पुस्तक असलं की लगेच कळतं. आई वाचताना दिसली की मूलही शेजारी पुस्तक घेऊन बसतं.

पुस्तकं वाटून वाचायची रीत आपल्या नाशिकला नवी नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. 2009 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. एका पेटीत 100 पुस्तकं. ती एका गटाने वाचायची, मग दुसऱ्या गटाशी पेटी बदलायची. या पेट्या पार दुबईपर्यंत पोहोचल्या. आणि मुंबई-आग्रा महामार्गावर दहाव्या मैलाला भीमाबाई जोंधळे यांचं पुस्तकांचं हॉटेल आहे. जेवण येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात मोबाईलऐवजी पुस्तक यावं, म्हणून त्यांनी टेबलाटेबलावर पुस्तकं ठेवली.

मग आपल्या गटाला हे जड आहे का? हिशेब करा. गटात 20 जणी. प्रत्येकीने दीडशे रुपयांचं, आपल्या आवडीचं एक पुस्तक आणायचं. दर महिन्याच्या बैठकीत हप्त्याबरोबर पुस्तकंही बदलायची. नोंद त्याच वहीत. म्हणजे दीडशे रुपयांत प्रत्येकीची 20 पुस्तकं वाचून होतील. बचतीत करतो तेच इथं करायचं: थोडं थोडं घालायचं आणि सगळ्यांनी वापरायचं.

जिला वाचता येत नाही, तिला वगळू नका. धान्य निवडताना, शेंगा फोडताना एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. पावसाळ्यात पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठेवा, आत कडुनिंबाचा वाळका पाला घाला. गावात वाचनालय असेल तर तिथं बायकांची नावं नोंदवा. नुसतं कुलूप असेल, तर ते कधी उघडतं हे ग्रामसभेत विचारा.

मोबाईल टाकून द्या असं मी म्हणत नाही. अडलेला शब्द शोधायला, योजनेची माहिती काढायला, नवीन पुस्तकाचं नाव कळायला तो वापरा. पण रात्रीच्या त्या अर्ध्या तासात तो चार्जिंगला लावा आणि पुस्तक हातात घ्या.

पुढच्या बैठकीला येताना पासबुकाबरोबर एक पुस्तक पिशवीत टाका.