बारा फुटांचा बोरघाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘फावल्या वेळाचा सदुपयोग’ हा विषय दिला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, चारचौघींत बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. शिवाय खरे सांगायचे तर फावला वेळ माझा नव्हताच. तो आमच्या यजमानांचा होता. मी त्यात सापडले.

ह्यांना छोट्या आगगाड्यांचा नाद आहे. असे सातजण दर रविवारी आमच्याकडे जमतात. हा नाद काही जगावेगळा नाही. आपल्या पुण्यातच भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. मुलांना घेऊन मीही ते पाहून आले आहे. पण त्यांना त्यासाठी स्वतंत्र जागा होती. आमच्या सातजणांना होती ती माझी बाहेरची खोली.

गेल्या वर्षी एका शाळेतल्या प्रदर्शनात मांडायचे आमंत्रण आले आणि मंडळींनी बोरघाट करायचा ठरवला. ह्या गाड्या खऱ्याच्या ८७ पट लहान असतात. मी वाणसामानाच्या वहीच्या मागे हिशेब केला. जुना घाट साधारण पावणेसोळा मैलांचा आणि चढ १८३१ फुटांचा. ८७ ने भागले तरी लांबी साडेनऊशे फूट आणि उंची २१ फूट! माडीचे छप्पर फोडावे लागले असते. मग खंडाळ्याजवळचे उलट फिरण्याचे स्टेशन तेवढे करायचे ठरले. पूर्वी गाडी चढत तेथे यायची, कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट तोंडाने पुढचा घाट चढायची. १८६३ पासून १९२९ पर्यंत हे असे चालले.

पहिले दोन रविवार नुसत्या वादात गेले. बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे, कारण ते परदेशी मापाचे. आपल्या रुंद मार्गाला १९.३ हवेत. मी चहा ठेवताना म्हटले, “अहो, बघणाऱ्यांना पावणेतीन मिलिमीटर दिसणार आहेत का?” कोणी उत्तर दिले नाही, पण रूळ आणले ते १६.५ चेच.

मग डोंगर. जाळीवर वर्तमानपत्रे चिकटवायला त्यांनी मैद्याची खळ केली. मी म्हटले, झुरळे सगळा सह्याद्री खातील. खळीत मोरचूद घाला. तेव्हापासून मला विचारू लागले. माझे जुने सुती लुगडे प्लास्टरमध्ये बुडवून जाळीवर पसरले, तर कड्याच्या घड्या अगदी खंडाळ्यासारख्या पडल्या. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून गच्चीवर वाळवला. शेजारणीला वाटले वाळवण आहे. रुळांखाली बारीक खडी पसरून तिच्यावर फेव्हिकॉलचे पाणी थेंबथेंब सोडायचे. त्यात साबणाचा एक थेंब घातला तर ते खडीत मुरते, नाहीतर वरच गोळे होतात. हे काम दीड महिना मी केले, दुपारची भांडी झाल्यावर.

ह्याच दिवसांत ह्यांनी मला एक गोष्ट सांगितली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ह्या घाटाचा ठेका घेऊन १८५९ साली आला आणि थोड्याच दिवसांत वारला. परका मुलुख, अर्धवट बोगदे, हजारो मजूर. त्याची बायको ॲलिस हिने तो ठेका चालू ठेवला. रोजचे काम दोन इंजिनिअर पाहात, पण जबाबदारी तिची. १८६१ साली घाटात ४२ हजारांवर माणसे कामाला होती. पटकी-तापाने किती गेली त्याला गणती नाही. माती-दगड वाहण्यात बायका आणि पोरेही होती.

मी उठून आमचा घाट पाहिला. स्टेशनवर साहेब, हमाल, पगडीवाले उतारू, झेंडीवाला. बाई एकही नाही. विचारले तर म्हणाले, बाजारात तशा बाहुल्या मिळत नाहीत आणि आपला देखावा १९२० सालातला आहे, बांधकाम तेव्हा संपले होते. मी म्हटले, “घाटाची डागडुजी कधी संपते का?”

आणि मीच करायला बसले. पाच फुटांची बाई म्हणजे पाऊण इंचाहूनही लहान. तांब्याची तार वाकवून अंग केले, पतंगाच्या कागदाची पट्टी काष्ट्यासारखी गुंडाळली. घमेल्याचे मात्र जमेना. शेवटी सांडग्यासाठी धणे निवडताना एक दाणा फुटून दोन वाट्या झाल्या. धण्याची अर्धी टरफल म्हणजे डोक्यावरचे बेतशीर घमेले! अशा अकरा बायका केल्या. एकीच्या पाठीशी पोर बांधले.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फलक रंगून आला. सातजणांची नावे होती आणि खाली ‘घरच्या मंडळींचे सहकार्य’. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण त्या रात्री भांडायला वेळच नव्हता. शाळेची फरशी उंचसखल, तीन फळ्यांच्या जोडावर रूळ वर आलेले. पावसाळ्यात प्लायवूड थोडे वाकले होते. गाडी दर खेपेस उलट फिरण्याच्या स्टेशनातच घसरायची. सर्वांनी वरून रेटून पाहिले. मी खाली बसून पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालत गेले, पोळपाटाला घालतो तशा. पहाटे दीडला सहा डब्यांची गाडी सरळ गेली. तेव्हा ह्यांनी न बोलता रंगाचा डबा आणला आणि फलक माझ्यापुढे धरला. माझे अक्षर बरे नाही. मी ‘ॲलिस ट्रेडवेल, १८५९ ते १८६३’ लिहिले आणि त्याखाली जागा उरली तेथे माझे नाव. ते जरा तिरके गेले आहे.

दोन दिवस खूप गर्दी झाली. मुलांना गाडीच हवी असायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून आली. गाडी दोनदा निघून गेली तरी ती बोगद्याच्या तोंडाशीच पाहात होती. मग म्हणाली, “ह्या आमच्यातल्या. माझी आई खडी टाकायला जायची, कर्जतच्या अंगाला.” मी एक बाई काढून तिच्या हातावर ठेवली. आता घाटात दहा आहेत.

घाट सध्या तीन तुकड्यांत आमच्या पलंगाखाली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून ठेवणार आहोत. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी चारच्या आत यावे; नंतर ही मंडळी कोणाला हात लावू देत नाहीत.