हातातले काम आणि डोक्यातला प्रश्न



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने शिक्षणपद्धतीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही पदरात पडले ते वाचनालयात, कायद्याच्या पुस्तकांत आणि कारखान्याच्या दारावरील सभांत. परंतु मूल कसे शिकते हा प्रश्न एकट्या शिक्षकांचा नाही. ज्याला उद्या हाताने पोट भरावयाचे आहे, त्याचा तो पहिला प्रश्न आहे.

'प्रकल्प' हा शब्द आता घरोघर पोहोचला आहे. रात्री आई पुठ्ठा कापते, वडील बाजारातून चित्रे आणतात, आणि सकाळी गुण मुलाला मिळतात. याला प्रकल्प म्हणावयाचे असेल तर घोकंपट्टीने कोणाचे काय बिघडविले होते? म्हणून मूळ कल्पना काय होत्या ते आधी पाहू.

एक वाट प्रकल्पाची. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ती मांडली. मुलाने मनापासून एखादा उद्देश धरावा, बेत आखावा, तो पार पाडावा आणि शेवटी स्वतःच तपासावा. दुसरी वाट समस्येची. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षण या रीतीने सुरू केले. आधी व्याख्यान आणि मग रोगी, हा क्रम त्यांनी उलटा केला. रोग्याची हकिगत समोर ठेवावयाची आणि विद्यार्थ्यांनी लहान गटांत बसून आपल्याला काय ठाऊक नाही ते शोधावयाचे. पहिल्या वाटेच्या शेवटी एक वस्तू उभी राहते. दुसऱ्या वाटेच्या शेवटी एक उलगडा हाती येतो. फरक आहे तो एवढा.

तिसरी वाट आपल्या शेजारची. आपल्या स्टेशनावरून धामणगाव, पुलगाव मागे टाकले की वर्धा. तेथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला. मातृभाषेतून सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, आणि साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने हे काम वाढविले. टकळीवर सूत काढताना तार मोजावयाची म्हणजे गणित. कापूस कोठून आला म्हणजे भूगोल. तो कोणी लुटून नेला म्हणजे इतिहास. याला त्यांनी समवाय म्हटले. येथे काम एका आठवड्यापुरते नाही. रोजचे कामच शिकण्याचे माध्यम आहे.

मग ही वाट मोडली का? त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी हरकत घेतली होती. मुलांच्या मालातून शाळेचा खर्च काढू लागलात तर तो माल गरीब कारागिराच्या मालाशी स्पर्धा करील, असे त्यांचे म्हणणे. मी कामगारांचा माणूस. मला ही हरकत हलकी वाटत नाही. खुद्द झाकिर हुसेन समितीनेही इशारा दिला होता की, उत्पन्नाकडे लक्ष गेले तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल. दुसरे कारण अधिक कडू आहे. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला टकळी आणि शहरातल्या साहेबाच्या मुलाला इंग्रजी, अशी वाटणी लोकांना दिसली. ज्याच्या सात पिढ्या हातानेच राबल्या त्याने, 'माझ्या मुलाला पुन्हा तेच का?' असे विचारले तर त्याला दोष कोण देईल?

तरीही बीज मेले नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधन सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. तेथे मुले जोडकाम, वीजजोडणी, शेती, माती-पाण्याची तपासणी शिकतात, आणि गावाला खरोखर लागणारी कामे करतात. जोड कच्चा राहिला तर फाटक हलते. शेरा मारावयास शिक्षक लागत नाही.

आता आमच्या वर्गातले उदाहरण देतो. कामगारांपुढे मी एक हिशेब ठेवतो. शेवटचा पगार, महागाई भत्त्यासह, १३,००० रुपये, नोकरी १० वर्षे, ग्रॅच्युइटी किती? दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. बहुतेक जण पगाराला ३० ने भागतात आणि ६५,००० आणतात. कायद्याप्रमाणे भागावयाचे २६ ने. मग रोज पडतो ५०० आणि रक्कम होते ७५,०००. लगेच कोणीतरी विचारतो, "मास्तर, तीसनं काहून नाही?" महिन्यातून साप्ताहिक सुट्या वजा करा, कामाचे दिवस उरतात २६. या दहा हजारांच्या फरकात भागाकार आहे, कायदा आहे आणि सुटीचा हक्कही आहे. व्याख्यानाने जे तीन दिवसांत उतरत नाही ते या एका प्रश्नाने तासाभरात उतरते.

पण एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्याला भागाकारच येत नाही त्याच्यापुढे हा हिशेब टाकला, तर तो गप्प बसतो आणि शेजाऱ्याचे उत्तर उतरवितो. पाया लागतोच. पाढे, वाचन, मोजमाप हे स्पष्टपणे शिकवावेच लागते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या मुलासाठी वाचन, लेखन आणि हिशेब मागितले, आणि त्याच्या जोडीला शेतीचे ज्ञानही मागितले. एकासाठी दुसरे सोडावे, असे ते म्हणाले नाहीत.

तेव्हा कोणती पद्धत श्रेष्ठ, या वादात मी पडत नाही. वस्तू घडवावयाची असेल तेथे प्रकल्प, निदान करावयाचे असेल तेथे समस्या, आणि सवय व कौशल्य मुरवावयाचे असेल तेथे रोजचा उद्योग. मात्र प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. काम मुलाने केले की घरच्यांनी? चूक कामातच दिसते की केवळ वहीत? आणि श्रीमंताचे मूल व मजुराचे मूल एकाच बाकावर बसून ते करते काय? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पद्धत कितीही सुंदर असो, ती माणसांची वाटणीच करील.

या गावात कापूस आहे, बाजार आहे, रेल्वे आहे, विहिरी आहेत. विहिरींची पातळी दर महिन्याला मोजणे, काट्यावरचे वजन ताडून पाहणे, मजुरीच्या चिठ्ठ्या वाचणे, यासाठी पैसा लागत नाही. दुकानदारांनी आपला हिशेब आणि मिस्त्रींनी आपले कसब मुलांपुढे उघडे करावे. मुलांकडून फुकट काम मात्र काढून घेऊ नये. काम शिकण्यासाठी असेल तोवर ती शाळा. नफ्यासाठी झाले की तो कारखाना, आणि कारखान्यात मुलांना जागा नाही.